मयतीच्या घराचं पाणी

माझे वडील गावाला पाणी सोडायचे. ग्रामपंचायतीच्या कागदावर त्यांचा हुद्दा चांगला लांबलचक होता, पण गावात त्यांना सगळे वॉलमनच म्हणत. हातात छातीइतकी उंच लोखंडी चावी, तिला वर आडवा दांडा. रस्त्यातल्या खड्ड्यावरची फरशी सरकवायची, चावी आत घालून वॉल फिरवायचा, की त्या गल्लीच्या नळांना पाणी. चावीच्या दांड्यानं बाबांच्या दोन्ही तळव्यांना घट्टे पडले होते. लहानपणी ते गालाला टोचायचे म्हणून मी चिडायची.

आमचं गाव वडनेर भोलजीपासून फार लांब नाही, पण पूर्णेच्या खाऱ्या पट्ट्यात येतं. विहिरीला पाणी आहे, बोअरला आहे, आणि ते सगळं खारं आहे. त्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो, साबण कितीही घासला तरी फेस येत नाही. गोडं पाणी लांबच्या धरणावरून पाइपानं येतं आणि एका गल्लीचा नंबर आठ दिवसांनी लागतो. तासाभरात आठ दिवसांचं भरून घ्यायचं. त्यामुळे आमच्याकडे सोयरीक जमवताना मुलीचा बाप घरातल्या खोल्यांबरोबर ड्रमही मोजून येतो. हे मी गमतीनं सांगत नाही, माझ्या मावशीच्या वेळी मी स्वतः पाहिलंय.

अशा घरातून मी पुण्याला पदव्युत्तर शिक्षणाला गेले, आणि विषय कोणता, तर व्यवस्थापकांना निर्णय घ्यायला मदत करणारं तंत्रज्ञान. बाबांना हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले होते.

"म्हंजे सायबानं काय कराव थे कम्प्युटर सांगते?" त्यांनी विचारलं.

"सांगत नाही बाबा, मदत करते. माहिती गोळा करते, पर्याय मांडते, कोणता बरा थे दाखवते."

"मंग सायेब काय करते?"

मी हसले. दोन वर्षं शिकून झाल्यावरही मला या प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नसतं, ते वेगळं.

पुण्यात पहिल्याच महिन्यात वर्गासमोर बोलताना माझ्या तोंडून 'का' ऐवजी 'काऊन' निघालं आणि सगळे हसले. त्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं. एका मुलीनं तर नंतर जवळ येऊन "किती गोड बोलतेस गं" असंही म्हटलं. मला ते गोडच जास्त झोंबलं. मी मुळातच तापट. त्या दिवसापासून जिभेला अशी काही शिस्त लावली की दिवाळीला घरी गेले तेव्हा आई म्हणाली, "टीव्हीतल्या बाईवानी बोलून राह्यली तू." भाषेसोबत आणखी बरंच काही मी गिळायला शिकले होते, ते तिच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नव्हतं.

शेवटच्या सत्रात प्रकल्प करायचा होता. बाकीच्यांनी दवाखान्यातल्या खाटा घेतल्या, कारखान्यातला माल घेतला. आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, अशी जागा शोधा जिथे एक माणूस रोज डोक्यात हिशेब करून निर्णय घेतो आणि कुणालाच माहीत नसतं की तो कसा घेतो. मी म्हटलं, माझे वडील. मॅडमचे डोळे लकाकले. जाणत्या माणसाच्या डोक्यातलं बाहेर काढून नियमांत बसवणं हा आमच्या विषयातला मोठा धडा. आता तो मी बापावर गिरवणार होते.

महिनाभर मी बाबांच्या जुन्या मोपेडवर मागे बसून गावभर फिरले. मांडीवर वही, पायाशी आडवी धरलेली चावी. बाबा एरवी आठवड्यातून दोनदा दाढी करायचे, त्या महिन्यात रोज केली. धुतलेला शर्ट घालायचे. लेक आपलं काम पुस्तकात लिहून राहिली म्हणून टेलरकाकांच्या दुकानात बसून सांगायचे. टेलरकाका म्हणजे आमच्या समोरच्या घरातले, बाबांचे शाळेपासूनचे सोबती. दुपारचं पाणी सोडून झालं की बाबा त्यांच्या शिलाई मशीनजवळच्या बाकावर जाऊन बसत. दोघं फारसं बोलत नसत. एक शिवायचा, दुसरा बघायचा.

वहीत नियम जमत गेले. चढावरच्या गल्लीला सकाळी आधी, तेव्हा टाकी भरलेली असते. हळदीच्या दिवशी लग्नघराच्या गल्लीला अर्धा तास जास्त. बाळंतीण असेल तर लक्षात ठेवायचं. आणि मयत.

"मयत झालं का सगळं बाजूले," बाबा म्हणाले. "कोनतीही गल्ली असो, कोनताही वार असो. वॉल खोलाचा."

आमच्याकडे घरात माणूस गेलं की भरलेलं सगळं पाणी सांडून देतात. ड्रम, टाकी, माठ, देवाजवळचा तांब्यासुद्धा. अंगणात चिखल होतो, त्यावरून लांबून कळतं की या घरात काय झालंय. आणि मग त्याच कोरड्या घरात सगळ्यात जास्त पाणी लागतं. मयताला अंघोळ घालायला, जमलेल्यांना प्यायला, स्मशानातून परत आलेल्यांच्या हातापायांवर घालायला. बाबांना बातमी कळली की ते कुणी बोलवायची वाट बघत नसत. चावी घेऊन निघत. वॉल फिरवून तसेच अंगणात जाऊन बसत.

"सांगावा येऊ द्यायचा ना," मी म्हटलं.

"मयतीच्या घराले मांगाले लावते का कोनी?" ते माझ्यावर जवळजवळ खेकसलेच.

ते मी वहीत लिहून घेतलं. एक पूर्ण पान भरलं होतं.

बाबा काही देवमाणूस नव्हते, तेही सांगायला हवं. ज्या गल्लीत चहा मिळे तिथे पाच-दहा मिनिटं जास्त जायची. टोकाला आमच्या बौद्ध बांधवांची वस्ती आहे, तिथपर्यंत पाणी जाईस्तोवर टाकीचा तळ लागलेला असायचा, आणि बाबांनी वर्षानुवर्षं ते 'लांब पडते' म्हणून खपवलं होतं. वहीत तास-मिनिटं मांडली तेव्हा ते उघडं पडलं. मी दाखवलं तर बाबा म्हणाले, "हे तुह्यं मशीन बराबर करीन का?" करेल म्हटलं. "मंग बनव."

म्हणजे यंत्राला त्यांचा विरोध होता असं कुणी समजू नये.

मी बनवलं. रोज सकाळी बाबांच्या फोनवर यादी यायची, कोणता वॉल किती वाजता, किती वेळ. वॉल उघडला की फोटो काढून टाकायचा. यादीप्रमाणे झालं तर हिरवा ठिपका, नाही झालं तर लाल. लाल ठिपक्याला आमच्या विषयात विचलन म्हणतात. रोजच्या भांडणांना कंटाळलेल्या सरपंचांनी लगेच होकार दिला.

सुरू करायच्या आधी मॅडमना आणि वर्गाला सगळं दाखवायचं होतं. मॅडम एकेक नियम बघत मयतीच्या नियमापाशी थांबल्या. "हे कशाला? प्रत्येक घरात आठ दिवसांचा साठा असतो असं तूच गृहीत धरलंयस. मग घरात मृत्यू झाला तर त्या साठ्यातलं वापरतील ना?"

इथे मला बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं, मॅडम, आमच्याकडे तो साठा सांडून देतात. मॅडमनी ऐकून घेतलं असतं, त्या तशा समजूतदार बाई होत्या. पण वर्ग बसला होता. पाण्यासाठी मरणारी गावं आणि भरलेले ड्रम अंगणात ओततात, असं ऐकल्यावर त्या चेहऱ्यांवर काय उमटेल ते मला आधीच दिसलं. 'काऊन'ला हसले ते याला काय करतील?

"हो, वापरतील," मी म्हणाले.

"मग काढ ते. अशी एक पळवाट ठेवलीस की उद्या तिच्यातून अख्खं गाव आत येईल."

त्यांना जेवढं सांगितलं होतं तेवढ्यावरून त्या बरोबरच बोलत होत्या. मी नियम काढून टाकला.

घरी आल्यावर बाबांनी फोन हातात घेऊन यादी खालीवर करून पाहिली. "याच्यात मयतीचं बटन कुठी हाये?"

"पुढच्या वेळी टाकू बाबा. आता तीन महिने यादीत काही इकडचं तिकडं व्हायला नको. नाहीतर माझं काम बाद होईल."

"बाद म्हंजे?"

"डिग्री नाही मिळणार."

हे मी वाढवून सांगितलं होतं. फार तर थोडे गुण गेले असते. पण प्रत्येक वेळी खुलासे करत बसायचा मला कंटाळा आला होता, आणि एकदाच असं सांगून टाकलं की बाबा परत विचारणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी विचारलं नाही.

तीन महिने मी पुण्यातून रोज ठिपके बघायची. हिरवा, हिरवा, हिरवा. टोकाच्या वस्तीला पहिल्यांदा पूर्ण तासभर पाणी मिळालं. तिथल्या अंगणवाडीच्या ताई मला पुढे सुट्टीत बसस्टँडवर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बरं केलं बाई, आता घड्याळ लावून भेटते, कोनाच्या तोंडाकडे पाहा नाई लागत." मला फार बरं वाटलं. आजही ते आठवलं की बरं वाटतं, आणि त्यामुळेच सगळा दोष यंत्रावर ढकलून मोकळं होता येत नाही.

दुसऱ्या महिन्यात एका दुपारी आईचा फोन आला. टेलरकाकांची आई गेली होती. लहानपणी मी मशीनखालच्या चिंध्या वेचायची आणि ज्या मला त्यांच्या बाहुल्या करून द्यायच्या, त्या. आई रडत होती. मी पहिलं काय विचारलं असेल?

"बाबांनी वॉल खोलला का?"

"नाई खोलला," आई म्हणाली.

आणि मला हायसं वाटलं. सुटले, असं वाटलं. फोन ठेवायच्या आधीच समोरच्या पडद्यावर मी तो दिवस पाहून घेतला, हिरवा होता. त्यानंतर मला रडू आलं, पण क्रम असा होता.

खरं काय झालं ते आईनं मी सुट्टीत गेल्यावर सांगितलं. टेलरकाका अनवाणी आले होते, हातात रिकामी घागर. बाबा दारातच उभे, चावी भिंतीला टेकलेली. आमच्या गल्लीच्या नंबराला पाच दिवस होते. बाबांनी खिशातून फोन काढला, पाहिला, परत खिशात ठेवला.

"यादीत नाई, भाऊ," ते म्हणाले.

टेलरकाकांना आधी कळलंच नाही. "कायची यादी? माय गेली माही."

पोरीची परीक्षा आहे, एवढं जरी बाबा म्हणाले असते तरी काकांनी समजून घेतलं असतं. ते त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही गावात कुणाला सांगितलं नाही. घरात गेले, आमचा अर्धा उरलेला ड्रम दोन घागरींत रिकामा केला आणि स्वतः उचलून समोर नेला. काकांनी घागरी उंबऱ्याबाहेरच थांबवल्या.

"तुह्या घरचं नोको," ते म्हणाले. "मले गावचं पायजे होतं."

बोअरचं खारं पाणी आणून म्हातारीला अंघोळ घातली. साबणाला फेस आला नाही. आई बायकांमध्ये होती, तिनं पाहिलं. "अंग नुसतं चिकट चिकट झालं होतं," ती म्हणाली. मयतीला बाबा सगळ्यांच्या मागे चालत गेले. त्या दिवसानंतर शिलाई मशीनजवळचा बाक त्यांनी सोडला. दुपारी पाणी सोडून झालं की घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडत.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक माझे तक्ते बघून म्हणाले, "एकही विचलन नाही? तीन महिन्यांत? आणि तेही खेड्यात?" मॅडमनी अभिमानानं माझ्याकडे पाहिलं. मीही हसले. गुण उत्तम मिळाले. बाबांना फोन केला.

"झालं न तुह्यं काम?" ते म्हणाले.

"हो बाबा."

"मंग आता थे बटन टाक."

टाकते म्हटलं. एका दिवसाचं काम होतं, खरं तर अर्ध्या दिवसाचं. मी नोकरी शोधत होते. मग नोकरी लागली. मग पंचायतीनं यादीचं काम एका ठेकेदाराच्या माणसांकडे दिलं आणि माझ्या हातून ते निघून गेलं. मधले तीन-चार आठवडे माझ्याकडे वेळ होता, सगळं माझ्या हातात होतं, आणि मी केलं नाही. बाबांनी फोनवर आणखी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. मलाही वाटलं, विसरले असतील.

पुढच्या वर्षी ते कामावरून निवृत्त झाले. चावी पंचायतीत जमा केली, नवा वॉलमन आला, यादी तीच राहिली. मग बाबांचं पोटाचं दुखणं निघालं. खामगाव झालं, अकोला झालं, डॉक्टरांनी शेवटी घरी न्यायला सांगितलं. मी महिन्यातून एकदा जायची. ते माझ्याशी हवापाण्याचं बोलत, माझ्या कामाचं विचारत. समोरच्या घराकडे मी बघायचं टाळायची.

ते गेले तेव्हा मी पुण्यात होते. नांदुऱ्याला गाडीतून उतरून दुपारी घरी पोचले. गल्लीच्या तोंडाशीच दिसलं, आमच्या अंगणातला चिखल त्या उन्हातही ओला होता. ड्रम रिकामे करून भिंतीला पालथे घातले होते. आत बाबा. आईनं मला धरलं, आणि मी तिच्या खांद्यावरून त्या पालथ्या ड्रमांकडे बघत राहिले. माझ्या फोनवर अजूनही ती यादी यायची, बंद करायची राहून गेली होती. मी पाहिली. आमच्या गल्लीचा नंबर चार दिवसांनी होता.

तशीच उठले. नव्या वॉलमनच्या घरी जायचं, हाता-पाया पडायचं, लाल ठिपका माझ्या नावावर घ्यायचा, एवढंच डोक्यात होतं. गल्लीत टेलरकाका आडवे आले. किती दिवसांनी मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"कुठी चालली?"

"वॉल खोलाले सांगते काका."

"नोको. त्यानं सांगून ठेवलं हाये."

ते मला हाताला धरून त्यांच्या घरात घेऊन गेले. ओट्यावरच्या कोपऱ्यात एक निळा ड्रम होता, तोंडाला पांढरं फडकं गच्च बांधलेलं, कडेनं नीट शिवण घातलेलं.

"दिवाळीनंतर आला होता," काका म्हणाले. "भिंत धरत धरत. मशीनपाशी बसला. म्हने, माह्या मयतीले कोनाले वॉल खोलाले सांगू नका, यादीत बसत नाई. माह्या घरी भरून ठेवलं त सांडून टाकतीन. तुह्या घरी एक ड्रम ठेव." त्यांनी ड्रमवर हात ठेवला. "दर नंबराले ओतून नवं भरत होतो. शिळं कायले ठेवा."

"तुम्ही हो म्हटलं?"

"मंग काय म्हनू?"

मी ड्रमला धरून खाली बसले. काका फडक्याची गाठ सोडत होते. पाठमोरेच म्हणाले, "पोरीले याच्यासाठी फोन करू नका म्हने. कामात असते थे."

पहिली घागर मी भरली. गल्ली ओलांडून आमच्या अंगणात नेली, परत आले, दुसरी भरली. कुणीतरी हातातून घ्यायला आलं, मी दिली नाही. बाबांना अंघोळ काकांनीच घातली. त्यांनी तळवे उघडून घट्ट्यांवरून साबण फिरवला, हळूहळू, दोन्ही हातांवर. फेस चांगला आला होता.

चार वाजता बाबांना उचललं. त्या दिवशी माझ्या यादीत एकही विचलन नव्हतं.